मऊ पट्टी

"सुमे, तुझं पोलाद कापत नाही."

फोनवर रणधीरदादाचा आवाज नेहमीसारखा चढा नव्हता. सुमेधा मगदूम बैठकीतून उठून बाहेर व्हरांड्यात आली.

"कुठे आहेस तू?"

"आंबा घाटात. विजेवरची मिनीबस कड्यावर आदळलीय. कॉलेजच्या व्हॉलीबॉलच्या पोरी होत्या, सगळ्या चालत बाहेर आल्या. ड्रायव्हर अडकलाय. डॅशबोर्ड मांड्यांवर येऊन बसलाय. दाराचा पुढचा खांब कापला तर रेटता येईल. पण कटरचं पातं उडालं. दुसरं लावलं, तेही उडालं. कसं कापायचं ते सांग."

"ग्राइंडर लावलास?"

"बॅटरीतनं पेटणारा वायू सुटलाय गं. एक ठिणगी पडली तर ड्रायव्हरही जाईल आणि माझ्या पथकाची पोरंही. दुसरं काय?"

कोल्हापूरच्या या संशोधन केंद्रात तिने आयुष्याची उमेदीची वर्षं एकाच गोष्टीत घातली होती: पोलाद कसं तुटणार नाही. ते तोडायचं कसं, हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता, तिनेही स्वतःला विचारला नव्हता.

"बोल की," दादा म्हणाला.

"दादा, मला नाही सुचत."

पलीकडून कुणीतरी त्याला हाक मारली आणि फोन बंद झाला.

ते पोलाद तिच्या गटाने तयार केलं होतं. पोलादाचा तुकडा आरशासारखा घासून, आम्लात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की तो एकसंध दिसत नाही. एकमेकांना चिकटून बसलेले असंख्य कण दिसतात, उंचावरून शेतांचे तुकडे दिसावेत तसे. पोलाद वाकतं तेव्हा या कणांच्या आत अणूंच्या ओळी सरकत असतात. सरकत सरकत त्या कणाच्या कडेला येतात आणि अडतात, कारण शेजारच्या कणातल्या ओळींची दिशा वेगळी असते. म्हणजे कणाची प्रत्येक कड हा एक बांध. शेतं जितकी लहान, तितके बांध जास्त, आणि तितकं ते पोलाद वाकवणं अवघड. शिवाय एखादी भेग पडलीच, तर तिलाही प्रत्येक बांधावर वळावं लागतं. इतर कुठल्याही उपायाने पोलाद कठीण केलं की ते ठिसूळ होऊ लागतं. कण बारीक केले तर मात्र ते कठीणही होतं आणि चिवटही.

हे तत्त्व जुनंच होतं. पण मोठ्या कारखान्यात, टनावारी, इतके बारीक कण करणं कुणाला परवडत नव्हतं. सुमेधाच्या गटाने नेहमीपेक्षा कमी तापमानाला पोलाद रुळांखाली प्रचंड दाबाने लाटायची आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच थंड करायची पद्धत बसवली. केसाच्या जाडीत शेकडो कण मावावेत इतकं बारीक पोलाद त्या यंत्रातून रोज बाहेर पडू लागलं. गाड्यांचे सांगाडे हलके झाले आणि अपघातात चुरगळेनासे झाले, गाड्या बॅटरीवर लांब पळू लागल्या. दोन-तीन वर्षांत रस्त्यावरची बहुतेक नवी वाहनं या पोलादाची होती. घाटातल्या अपघातांत माणसं मरण्याचं प्रमाण इतकं घसरलं की रणधीर एकदा जेवताना म्हणाला होता, "सुमे, तू मला रिकामटेकडा करणार."

तिचा थोरला भाऊ रणधीर अग्निशमन दलाच्या मलकापूरजवळच्या घाट बचाव पथकाचा प्रमुख होता.

ती घाटात पोचली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. बस कड्याला तोंड लावून उभी होती. पुढची काच नव्हती, पण छत जागच्या जागी होतं आणि मागच्या खिडक्यासुद्धा शाबूत होत्या. जुन्या पोलादाची बस असती तर तिचा पत्र्याचा बोळा झाला असता. रणधीर संरक्षक कठड्यावर बसला होता. हेल्मेट शेजारी, हातमोजे अजून हातात.

"यासीन मुल्ला," तो म्हणाला. "साखरप्याचा. गेला. आत्ता नेला त्याला."



"मांडीतनं रक्त जात होतं. पट्टा आवळायला हात पोचत नव्हता, वर डॅशबोर्ड. बोलत होता, अगदी व्यवस्थित बोलत होता. म्हणाला, साहेब, गाडी लई मजबूत आहे, पोरी वाचल्या." दादाने हातमोजा काढला आणि पुन्हा घातला. "मी म्हटलं, हो."

"दादा..."

"तू घरी जा, सुमे."

दुसऱ्या दिवशी केंद्राचे संचालक हर्डीकर यांनी तिला बोलावलं. हर्डीकर शांत माणूस होते. त्यांनीच तिला या कामावर घेतलं होतं.

"निवेदन तयार आहे," ते म्हणाले. "पोलाद पुढे गेलं, अवजारं मागे राहिली. आपण कटर बनवणाऱ्यांबरोबर बसू. नवी पाती येतील."

"किती वर्षांनी? प्रत्येक तालुक्याच्या अग्निशमन केंद्रात पोचायला?"

"मग तुझं काय म्हणणं आहे?"

ती रात्रभर याच विचारात होती. "खांबात एका जागी दोन बोटं रुंद पट्टी मऊ ठेवायची. कारखान्यातच तेवढी जागा तापवून घ्यायची. उष्णतेने कण एकमेकांत मिसळतात, मोठे होतात, बांध मोडतात. तिथे साधं पोलाद उरेल. वर लाल बाणाची खूण करायची. आजचं कटर तिथे चालेल."

हर्डीकरांनी चष्मा काढला. "आणि गाडी उलटली तर खांब कुठे वाकेल?"

"पट्टीवर."

"म्हणजे काही लोक पट्टीमुळे मरतील."

"फार थोडे. आणि बाकीच्या खांबाचा आकार बदलून तो धोका कमी करता येईल."

"कमी, म्हणजे शून्य नाही. तू मला एक यासीन मुल्ला दाखवतेस. मी तुला बसभर पोरी दाखवतो. मजबुतीत पहिले म्हणून लोक आपल्याकडे येतात, सुमेधा. आपण स्वतःहून कमकुवत जागा ठेवली असं मी कुणाला सांगू?"

ती बाहेर आली. तिला त्यांचा राग आला नाही, याचंच तिला जास्त वाईट वाटलं. ते चूक बोलत नव्हते.

त्या दिवसापासून तिला एका जागी बसवेना. चहा ओतून घ्यायची आणि विसरायची. रस्त्याने जाताना समोरच्या गाडीच्या खांबाकडे बघत राहायची आणि मागचे हॉर्न वाजवायचे. दादा फोन उचलत नव्हता. आईच्या वर्षश्राद्धालाही तो आला, पानावर बसला, उठला आणि गेला. वहिनी दारात कुजबुजली, "तुमच्यावर राग नाही त्यांचा. पण तुम्हाला बघितलं की त्यांना तो माणूस दिसतो."

नवीन गाड्यांचं पुढे बघता येईल, पण आधीच रस्त्यावर आलेल्या हजारो गाड्यांचं काय? सुमेधाने तिथून सुरुवात केली. मऊ पट्टी कारखान्यात करता येत असेल, तर अपघाताच्या जागीही करता यायला हवी. आच नको, ठिणगी नको. तिच्या स्वयंपाकघरातल्या इंडक्शन शेगडीत ज्वाळ नसतेच. तांब्याच्या वेटोळ्यातून वीज फिरते आणि तापतं ते फक्त वरचं भांडं. तिने प्रयोगशाळेत तेच वेटोळं चिमट्याच्या दोन जबड्यांत बसवलं. चिमटा खांबाला लावायचा, तेवढीच पट्टी लालबुंद होते.

एका रविवारी ती चिमटा गाडीत टाकून मलकापूरला गेली. पथकाच्या आवारात ती मिनीबस अजून उभी होती, चौकशी संपली नव्हती. रणधीर पाइप वाळत घालत होता.

"काय आणलंस?"

"मला त्या दिवशी सुचलं नव्हतं ते."

त्याने चिमटा हातात घेऊन जबडे उघडून पाहिले. मग त्याने पोरांना हाक मारली.

पहिला प्रयोग फसला. खांब चांगला भगभगीत लाल झाला, आणि पथकातल्या अशोक कुंभाराने सवयीने त्यावर पाण्याचा फवारा मारला. वाफेचा लोट उठला. कटर लावलं, आणि पातं फाडकन तुटलं.

"झालं!" रणधीर ओरडला. "हे तर आधीपेक्षा कडक झालं."

"पाणी मारलंत म्हणून," सुमेधा म्हणाली. "इतकं लाल झालेलं पोलाद एकदम गार केलं की कणांच्या आतली रचनाच बदलते, काचेसारखी कडक होते. लोहार धार द्यायला तेच करतो. मंद लालीवर थांबायचं, आणि आपलं आपण निवू द्यायचं. लाली गेली की कापायचं."

"आणि तोवर आतल्या माणसाला काय सांगायचं? थांब बाबा, निवतंय?"

"हो."

"आम्ही अग्निशमनवाले, सुमे. तापलेलं दिसलं की हात पाण्याकडेच जातो."

"म्हणूनच सराव करायचा."

मंद लाली उन्हात दिसत नाही, हेही त्यांना त्याच दिवशी कळलं. दोघांनी घोंगडं धरून खांबावर सावली करायची, तिसऱ्याने आत डोकावून रंग बघायचा, अशी रीत बसली. संध्याकाळपर्यंत कटर त्या पट्टीतून गाजर चिरावं तसं गेलं. रणधीरने कापलेलं टोक हातात घेतलं, आणि कितीतरी दिवसांनी बहिणीकडे सरळ पाहिलं.

"येत जा रविवारी," तो म्हणाला.

चिमट्याला कुठलीही मंजुरी नव्हती. हर्डीकरांना कळलं तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितलं, "खऱ्या माणसावर वापरायचा नाही. भाजलं तर केंद्र जबाबदार धरलं जाईल." तिने मान डोलावली.

पुढच्याच महिन्यात, ती सरावाला गेलेली असताना घाटातून फोन आला. एक छोटी व्हॅन थांबलेल्या ट्रकच्या मागे घुसली होती. रणधीरने गाडी काढली आणि तिच्याकडे न बघताच म्हणाला, "चिमटा घे."

व्हॅनमध्ये एकटी तरुणी होती. डॉ. ईशा तोरस्कर, गुरांची डॉक्टर. पाय पेडलपाशी चेमटले होते आणि खांब आत येऊन तिच्या उजव्या खांद्याला टेकला होता. ती शुद्धीवर होती.

"मागे लसींचा डबा आहे," ती पहिलं वाक्य बोलली ते हे. "उन्हात ठेवू नका. लाळ्या-खुरकुताच्या लसी आहेत."

अशोक डबा घेऊन झाडाखाली गेला. पथकातल्या परिचारिकेने ईशाची नाडी बघितली आणि रणधीरकडे बघून मान हलवली. वेळ नव्हता. कटर खांबाला एकदा लावून पाहिलं. पात्याच्या कडेचा टवका उडाला.

रणधीर म्हणाला, "सुमे, तू सांग. लावू का?"

खांब कापायची जागा खांद्यापासून वीतभरही लांब नव्हती. सुमेधा वाकून खिडकीपाशी गेली.

"मी सुमेधा. हे पोलाद आमच्याकडे तयार झालंय. हा खांब तापवून मऊ केल्याशिवाय कापता येत नाही. मधे ओलं जाड कापड भरते, तरी तुमच्या खांद्याला भाजेल. किती, ते मला सांगता येत नाही."

"दुसरा मार्ग?"

"माझ्याकडे नाही."

ईशाने डोळे मिटले. "पाय कळत नाहीयेत मला. करा."

चिमटा बसला. घोंगडं ताणलं गेलं. सुमेधा त्याच्या सावलीत डोकं घालून बघत राहिली. पोलाद आधी निळसर झालं, मग राखाडी, मग कुठूनशी लाली उगवली. ईशाच्या घशातून आवाज निघाला, मग ती मोठ्याने किंचाळली. "काढा! काढा ते!"

रणधीरचा हात स्विचकडे गेला.

"अजून नाही," सुमेधा म्हणाली. तिचा स्वतःचा आवाज तिला परका वाटला. "आत्ता काढलं तर भाजलेलं फुकट जाईल. थोडं. थोडं अजून. बंद कर."

चिमटा निघाला. आणि तेवढ्यात गाडीखालून पांढरा धूर आला.

"बॅटरी!" अशोक पाइप घेऊन धावला. पाइपचं तोंड वर उचललं गेलं. धूर, लाल खांब आणि ओरडणारी बाई. वीस वर्षं त्याच्या हातांनी जे केलं होतं तेच ते करणार होते.

"वर नको!" सुमेधा ओरडली.

रणधीरने मध्ये उडी घेतली आणि पाइप दोन्ही हातांनी खाली दाबला. पाणी गाडीखाली, बॅटरीवर कोसळू लागलं. "खाली मार! खालीच! वर थेंब गेला तर तुझी गाठ माझ्याशी आहे!" त्याने स्वतः दारापाशी, पाण्याकडे पाठ करून अंगाने खांब झाकला. उडणारं पाणी त्याच्या पाठीवर आपटत होतं आणि छातीपासून हातभर अंतरावर लाल पोलाद होतं. धूर दाट झाला. कुणीतरी मागे सरका म्हणून ओरडत होतं. कुणी सरकलं नाही.

"गेली लाली," सुमेधा म्हणाली. "काप."

कटरचे जबडे पट्टीवर मिटले. पातं आत गेलं. कडकन आवाज न होता, चिरडल्यासारखा एक घुसमटलेला आवाज झाला आणि खांब सुटला. मग सगळं भराभर झालं. डॅशबोर्ड रेटला, पाय मोकळे झाले, स्ट्रेचर वर गेलं. रस्त्याच्या कडेला पोचल्यावर मागे व्हॅन पेटली.

ईशा वाचली. डाव्या पायाचा घोटा वाचला नाही, आणि खांद्यावर तळहाताएवढं भाजलं होतं. दवाखान्यात सुमेधा तिला भेटली तेव्हा ती म्हणाली, "मी ओरडत होते तेव्हा तुम्ही 'थोडं अजून' म्हणालात. ते मी विसरणार नाही." ती हे कौतुकाने म्हणाली की दुसऱ्या कशाने, ते सुमेधाला कळलं नाही आणि विचारायचं धाडस झालं नाही.

कुणीतरी घाटात काढलेली चित्रफीत सगळीकडे फिरली. हर्डीकरांनी सुमेधाला पुन्हा बोलावलं. या वेळी ते रागावले होते, खुर्चीत बसलेले नव्हते; खिडकीपाशी फेऱ्या मारत होते.

"पुण्याहून वाहनसुरक्षा समितीचं बोलावणं आलंय. तुझ्या नावाने. तिथे जाऊन तू मऊ पट्टीबद्दल बोललीस, तर केंद्राची माणूस म्हणून बोलता येणार नाही."

"मग केंद्राची नसलेली म्हणून बोलेन."

"विचार करून बोल, सुमेधा."

"तोच करतेय, सर. कितीतरी महिने. दुसरं काही करताच येत नाहीये."

समितीपुढे ती राजीनामा देऊन गेली. रणधीर साक्षीला बरोबर होता. इस्त्रीच्या गणवेशात अवघडून बसला होता. सुमेधाने कण दाखवले, बांध समजावले, उलटणाऱ्या गाड्यांची गणितं मांडली. घाटात चिमटा प्रत्येक वेळी पोचणार नाही, आणि पोचला तरी माणूस भाजल्यावाचून वापरता येणार नाही, म्हणून पट्टी कारखान्यातच ठेवायला हवी, असं सांगितलं. समितीच्या अध्यक्षा, पाटणकरबाई, सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "एकच विचारते. या पट्टीमुळे एकही माणूस दगावणार नाही, असं तुम्ही सांगू शकता?"

सभागृहात हर्डीकरही होते. ते तिच्याकडे बघत होते.

"नाही," सुमेधा म्हणाली. "कुणीतरी दगावेल. त्याचं नाव मला आज माहीत नाही, म्हणून मला हे बोलणं सोपं जातंय. पट्टी नसेल तर जास्त लोक दगावतील, आणि ते आतून बोलत असतील, आणि बाहेर उभ्या माणसांना काही करता येणार नाही. दोन्हीत मी हे निवडते. निवडलं मी, असं लिहून घ्या."

नियम झाला. नव्या गाड्यांच्या खांबांवर लाल बाण दिसू लागले. सुमेधा आता पथकांना शिकवत गावोगाव फिरत होती. ज्या गाड्यांना पट्टी नाही त्यांच्यासाठी चिमटा, आणि ज्यांना आहे त्यांच्यासाठी बाण. कटर बाणावर लागून माणसं सुटल्याचे फोन येत. ती ऐकायची, बरं म्हणायची, आणि उठून खोलीत फिरायला लागायची. दादा म्हणायचा, "आता तरी स्वस्थ बस की." ती बसायची नाही.

पावसाळा संपता संपता रणधीरचा फोन आला. फोंडा घाटात जीप उलटली होती. लाल बाणापाशी खांब दुमडला होता आणि छत एका बाजूने खाली आलं होतं. त्या बाजूला बसलेला माणूस जागीच गेला होता.

"पट्टी नसलेला खांब असता तर?" तिने विचारलं.

"टिकला असता बहुतेक."

"नाव काय त्यांचं?"

"कशाला गं?"

"दादा, नाव सांग."

"तुकाराम एरुडकर. राधानगरीच्या पुढं घर आहे. बायको असते." आणि मग, "मी येतो बरोबर."

घर रस्त्याच्या वरच्या अंगाला होतं. अंगणात नाचणीची कणसं पसरली होती. रणधीर खाली गाडीपाशीच थांबला. सुमेधाने दार वाजवलं तेव्हा पन्नाशीची एक बाई बाहेर आली. तिने आधी सुमेधाकडे आणि मग खाली उभ्या गणवेशातल्या माणसाकडे पाहिलं.

"मी सुमेधा मगदूम," सुमेधा म्हणाली. "गाडीचा खांब जिथे वाकला, तिथे पोलाद मऊ ठेवलेलं असतं. अडकलेल्यांना कापून काढता यावं म्हणून. ते तसं ठेवा असं मी सांगितलं होतं. ते नसतं तर तुमचे मालक बहुतेक वाचले असते. हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून आले."

बाईने दाराची चौकट धरली. अंगणात कोंबड्या नाचणीत शिरल्या, तरी तिने त्यांना हाकललं नाही.

"जीपमधली बाकीची?" शेवटी तिने विचारलं.

"चौघं अडकली होती. खांब कापून काढली."

"जित्ती हायती?"

"हो."

बाईने पदराने तोंड पुसलं. तिच्या चेहऱ्यावरून सुमेधाला काहीच वाचता येईना. मग ती दारातून एका बाजूला सरली, आत जायला वाट होईल इतकीच.